दगडांची जागा

आमचे हे गेले तेव्हा मी एका म्हाताऱ्या बाईच्या पायाची पट्टी बदलत होते. हे सौंसरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, रोज पांढुर्ण्याहून बसने जायचे-यायचे. वर्गातच छातीत कळ आली. त्यांच्या शाळेतल्या मॅडमनी गाडी बोलावली, नागपूरच्या रस्त्याला लागल्या, आणि अर्ध्या वाटेतून मला फोन केला. माझे हात भरलेले होते म्हणून वॉर्डबॉयने फोन कानाला धरला. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, सर गेले." मी "बरं" म्हटलं. पट्टी पुरी केली, गाठ मारली, बाईंना सांगितलं की पाणी लागू देऊ नका, आणि मग हात धुतले.

पुढे कितीतरी महिने मी "बरं" हाच शब्द वापरला. कबरीला माती द्या, बरं. फॉर्मवर सही करा, बरं. दोन घास खा, बरं. लोक म्हणाले, सिस्टर लय खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं अंगभर झालं होतं. सासरची माणसं रडत होती, रामाकोना गावात दिलेली माझी बहीण रडत होती. मी त्यांना पाणी देत होते.

दफन झालं त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी तिघं जण घरी आले. सौंसरच्या शाळेतल्या मॅडम, आमचे पास्टर, आणि सावरगावचे एक शेतकरी, सगळे ज्यांना भाऊ म्हणतात. भेटायला आले असतील असं मला वाटलं. ते आपापल्या नेहमीच्या खुर्च्यांवर बसले. तेव्हा लक्षात आलं की गुरुवार म्हणजे ह्यांच्या बैठकीचा दिवस.

त्या बैठकीबद्दल सांगायला हवं.

पांढुर्ण्यातलं आमचं चर्च लहान. चार-सहा बाकं भरली की उपासना सुरू. हे त्याच चर्चमध्ये वाढले. काही वर्षांपूर्वी त्यांनी घरबसल्या एक अभ्यासक्रम केला, त्यात त्यांना हॉलंडमधल्या काही जुन्या ख्रिस्ती लोकांचा विचार सापडला आणि त्यांनी तो धरूनच ठेवला. मला समजवताना म्हणायचे, "ओलीत असो की कोरडवाहू, सगळं रान एकाच मालकाचं." म्हणजे रविवारचे दोन तास देवाचे आणि उरलेला आठवडा बाजाराचा, असं नसतं. शेती, शाळा, दवाखाना, चित्र, लग्नातला बँड, हे सगळं मुळात चांगलं. माणसाने ते वाकडं केलं. त्याला सरळ करायला हात लावणं हे प्रार्थनेइतकंच काम. आणि घराचं काम घराने करावं, शाळेचं शाळेने, सरकारचं सरकारने. एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर बसू नये, चर्चनेही नाही.

मी ऐकायचे आणि भाजी चिरायचे. दवाखान्यात दिवसभर उभी राहून आल्यावर मला हॉलंडशी काही करायचं नसायचं.

सुरुवातीला ते चर्चच्या खोलीत हे शिकवायचे. दोन-तीन वडीलधारे येऊन बसायचे, मान हलवायचे, घरी जायचे. एक दिवस जेवताना हे म्हणाले, "देवाने चांगुलपण सगळ्यांना वाटलंय असं मी सांगून राहिलो, आणि बसतो मात्र आपल्याच माणसांत. हे काही बरोबर नाही." दुसऱ्याच आठवड्यात बैठक आमच्या घरी आली आणि त्यांनी बाहेरच्या दोघांना बोलावलं.

एक त्या मॅडम. बौद्ध घरातल्या, गणित शिकवणाऱ्या, ह्यांच्याच बसने जाणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "सर, मी देव मानत नाही. तुमचाही नाही आणि दुसऱ्या कोणाचा नाही. चालेल?"

हे म्हणाले, "चालेल. तुम्ही गणित तर मानता ना."

दुसरे ते भाऊ. जाम नदीच्या पलीकडे सावरगावला त्यांची संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. हे बागेत चित्र काढायला जायचे, तिथली ओळख. भाऊ देवपूजा करणारे, उपास-तापास करणारे. ते फक्त एवढंच म्हणाले, "सर बोलावते, तर मी येतो. मले जास्त काई समजत नाही." पण भाऊंना समजायचं. फक्त ते शेवटी बोलायचे.

पास्टर आधी नाराज होते. वयाने तरुण, नवीन नेमणूक. बाहेरच्यांबरोबर बसून सुवार्ता न सांगता नुसती चर्चा करायची, हे त्यांना पटत नव्हतं. पण यायचे.

ह्यांनी बैठकीचा सगळा विचार तीन प्रश्नांत आणून ठेवला होता. कोणताही विषय घ्या. यात मुळात चांगलं काय आहे? ते वाकडं कुठं झालं? आणि सरळ करायला आपल्या हातात काय आहे? मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "हे तर आमच्या घरी लहानपणापासून ऐकलंय. दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि त्यावर उपाय आहे." त्यावर हे इतके खूश झाले की त्या दिवशी पास्टरांना आणखीच राग आला.

पहिला विषय ह्यांनी स्वतःचाच घेतला होता, चित्रकलेचा तास. मुलं वर्षानुवर्षं दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी काढतात. इकडे कुठं आहेत तसे डोंगर? दोन-तीन गुरुवार त्यावर बोलणं झालं आणि ह्यांनी शाळेत ठरवलं की आता मुलं आपलं गाव काढतील, जसं दिसतं तसं.

तर त्या गुरुवारी तिघं बसले होते. मी चहा ठेवला. मॅडमनी विचारलं, "सिस्टर, आम्ही येत राहू का? तुम्हाला त्रास होत असेल तर बंद करू."

मी म्हटलं, "येत जा." नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण शोधण्याएवढं माझ्यात काही नव्हतं.

ते येत राहिले. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. आवाज कानावर पडायचे, शब्द कळायचे, पण त्यांचं मला काही व्हायचं नाही. कधी कधी वाटायचं की हे आत्ता आतून येतील आणि मधेच बोलतील. ते वाटणंसुद्धा कोरडंच होतं, बसची वाट बघावी तसं.

पावसाळा निम्मा सरला असताना मॅडम शाळेतून एक मोठी पिशवी घेऊन आल्या. ह्यांचं शाळेतलं कपाट दुसऱ्या शिक्षकांना द्यायचं होतं. पिशवीत मुलांची चित्रं होती, ह्यांनी शेवटी दिलेल्या कामाची: माझं गाव. मॅडमनी ती टेबलावर पसरली. सौंसरच्या मुलांनी बाजार काढला होता, बसस्टँड काढलं होतं, बोरगावच्या मुलांनी कारखान्याची धुराडी. पण पांढुर्ण्याहून जाणारी जेवढी मुलं होती त्यांनी जवळजवळ सगळ्यांनी एकच काढलं होतं. मधे नदी, नदीत पळसाचं झाड, झाडावर झेंडा, दोन्ही काठांवर माणसं, हात वर. आणि लाल रंग. काहींनी तर लाल खडू संपेपर्यंत घासला होता.

बाहेरच्या वाचकाला सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधे झाड. दिवसभर दोन्ही काठ एकमेकांना दगड मारतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी झाड तोडून झेंडा आणला की थांबतं, मग सगळे मिळून चंडीमातेच्या देवळात जातात. का, तर फार पूर्वी इकडच्या पोराने तिकडची पोरगी पळवली, नदीत असताना दोन्हीकडून दगड पडले आणि दोघंही मेली, असं सांगतात. त्या दिवशी दवाखान्यात आम्हाला बसायला सवड नसते. फुटलेली डोकी, भुवया, दात, कधी डोळा. कधी माणूस. नोकरीला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नंतर रडले नाही. टाके घालायची सवय झाली.

भाऊंनी एक चित्र उचललं. त्यात सावरगावचा काठ होता, काठावर एक मोठं कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली दगडांचा ढीग. भाऊ ते चित्र बराच वेळ धरून बसले.

"काय झालं भाऊ?" पास्टरांनी विचारलं.

"हे झाड माह्यं आहे," भाऊ म्हणाले. "अन् ही जागा बी माहीच. पोळ्याच्या आधी ट्रॉली येते, गोटे इथंच टाकते. बापाच्या वेळेपासून टाकते. मले कधी काई वाटलं नाही. लेकरानं कसं बरोबर काढलं."

त्या दिवशी आणखी काही झालं नाही. भाऊंनी चित्र खाली ठेवलं आणि लवकर निघाले. पण पुढच्या गुरुवारी विषय आपोआपच ठरलेला होता.

पहिला प्रश्न, यात चांगलं काय? पास्टर म्हणाले, यात चांगलं काहीच नाही, रक्त आहे आणि मूर्तिपूजा आहे. भाऊंचा चेहरा पडला. मॅडम म्हणाल्या, "सर असते तर त्यांनी तुम्हाला सोडलं नसतं पास्टर. चांगलं शोधल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नावर जायचं नाही, असा नियम आहे."

भाऊ म्हणाले, "नागपूरले कामाले गेलेले पोरं घरी येते. दिवाळीले नाही येत, पण पोळ्याले येते. वर्षभर न बोलणारे भाऊ एका ताटात जेवते. अन् घाबरलो नाही, पळालो नाही, हे माणसाले वाटते एक दिवस." मग स्वतःच म्हणाले, "दारू पिऊन वाटते, ते बी खरं."

पास्टरांनी हातातला कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "संध्याकाळी दोन्ही काठ एकत्र देवळात जातात. ते देऊळ माझं नाही. पण एकत्र जातात, हे चांगलं आहे." बोलताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसलं, पण दिसलं एवढंच.

वाकडं कुठं झालं, यावर दोन गुरुवार गेले. त्यात मला एकच लक्षात राहिलं आहे, मॅडमचं. त्या म्हणाल्या, "दोघांचं एकमेकांवर मन होतं. त्यांना लोकांनी दगडं मारले. त्याची आठवण आपण दगडं मारून ठेवतो. मग आठवण कोणाची ठेवून राहिलो आपण? मेले त्यांची, की मारलं त्यांची?"

 भाऊ नुसतं "हं" म्हणाले.

मग तिसरा प्रश्न. पास्टरांना वाटत होतं की निवेदन लिहावं, आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, कलेक्टर साहेब इथंच बसतात. मॅडम म्हणाल्या, बंदोबस्त दरवर्षी असतो, आदेश दरवर्षी निघतात, दगडांच्या जागी दुसरं काही द्यायचेही प्रयत्न झाले, टिकले नाहीत. सरकारने सरकारचं करावं. "प्रश्न असा आहे की आपल्या हातात काय आहे. सरांचा शब्द होता तो. आपल्या हातात."

एकेकाने सांगायचं ठरलं. पास्टर म्हणाले, माझ्या हातात माझ्या चर्चची तरुण मुलं आहेत, त्यांतली काही त्या दिवशी नदीवर जातात, मला माहीत आहे, मी त्यांच्याशी बोलेन. मॅडम म्हणाल्या, माझ्या हातात वर्ग आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बैठकीत बसते हे तोवर मीच धरलं नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या हातात सुई-दोरा आहे."

भाऊंनी मान खाली घातली. मग म्हणाले, "माह्या हातात जागा आहे. यंदा मी जागा देऊन नाही राहिलो."

हे बोलणं सोपं होतं, निभावणं तसं नव्हतं. भाऊंना एक थोरले भाऊ आहेत, शेजारीच राहतात. गावात त्यांचा मान. त्यांना कळलं तेव्हा ते ओसरीवर येऊन म्हणाले म्हणे, "किरिस्ताव लोकांत बसून बसून तू गावाचा राहिला नाही." आणि बोलणं बंद केलं. दोन घरांतलं दूध-विरजणसुद्धा थांबलं.

हे आम्हाला भाऊंच्या बायकोने सांगितलं. वहिनी त्या गुरुवारी पहिल्यांदाच आल्या, भाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून. पास्टर घाबरून म्हणाले, "भाऊ, आमच्यामुळे घरात भांडण होत असेल तर राहू द्या. मोठे भाऊ आहेत."

वहिनी म्हणाल्या, "राहू काहून द्या? माह्यं माहेर पांढुर्ण्याचं आहे. माहा भाऊ त्या काठावर उभा राहते. इकडचे लोक माह्या घरच्या जागेतला गोटा उचलते अन् माह्याच भावाले मारते. लग्न झालं तेव्हापासून मी त्या दिवशी दार लावून बसतो. कोणाच्या बाजूनं बोलू मी? हे तर मले कोणी विचारलंच नाही कधी." त्यांचा आवाज चढला नव्हता. जसं मिठाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

वहिनींनीच मग सुचवलं की जागा नुसती रिकामी राहिली तर कोणी तरी काही तरी आणून टाकेल. तिथं काही मांडा. दवाखाना पांढुर्ण्याच्या काठाला, सावरगावच्या माणसाला डोकं धरून केवढा फेरा पडतो. सिस्टरताई तिथं बसल्या तर?

मी दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर उत्तरेकडचे. म्हणाले, "सिस्टर, टाँके तो टाँके हैं, इस पार लगाओ या उस पार." एक टेबल, एक बाक आणि सामानाची पेटी न्यायला त्यांनी हरकत घेतली नाही.

पोळ्याच्या आधी मी आणि वहिनी ती जागा बघायला गेलो. कडुलिंबाखाली वहिनींनी झाडून सडा घातला होता. आम्ही टेबल कुठं ठेवायचं ते बघत होतो, तेवढ्यात ट्रॉली आली. चालवणारा गावातलाच, भाऊंना लहानपणापासून ओळखणारा. मागे थोरले भाऊ चालत येत होते. भाऊ बागेतून आले आणि झाडाखाली उभे राहिले. हातात काही नाही, रागाचं तोंड नाही.

"बाजूले हो," थोरले म्हणाले.

"दादा, यंदा इथं नाही."

"जागा काय एकट्या तुही आहे?"

"वाटणीत माही आली. तुमी होते तेव्हा." भाऊ हळूच बोलत होते. "मी कोणाले मारू नका म्हणून नाही राहिलो. मले तेवढा अधिकार नाही. माह्या जागेत गोटे नको, एवढंच."

ट्रॅक्टरचं इंजिन चालूच होतं. चालवणाऱ्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "मंग कुठं टाकू भाऊ?"

"ते मले नको विचारू बाप्पा."

थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात कधी तरी त्यांच्या नातवाला मी सुई दिली असेल, ओळख पटली. हात हलवून ट्रॉली पुढे घ्यायला लावली. पुढची पडीक जागा दुसऱ्या कोणाची होती. तिथं दगड ओतले. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे दवाखान्यात दगड माणसांच्या अंगातूनच पोचायचे.

वहिनी माझा हात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो घट्ट दाबला होता हे मला कळत होतं. माझा हात मला कळत नव्हता. दगड तेवढेच होते, थोडे सरकले होते. मला वाटलं, याच्यासाठी एवढं? मग तेही वाटणं गेलं.

गोटमारीच्या दिवशी आम्ही सकाळीच टेबल मांडलं. मॅडम पाणी आणि कापूस सांभाळणार, पास्टर माणसांना धरून आणणार. पास्टरांनी पांढरा शर्ट घातला होता, मी त्यांना तो बदलून यायला सांगितलं. दुपारपर्यंत तुरळक आले. नंतर एकामागून एक. मी खाली मान घालून काम करत होते. जखम धुवायची, केस कापायचे, टोचायचं, टाके, पट्टी. दगड आमच्यापर्यंत येत नव्हते, पण आरोळ्या येत होत्या, आणि मधेच एकदम शांत व्हायचं, त्यावरून कळायचं की कोणाला तरी जोरात लागलं.

एकदा बाकावर दोघं शेजारी बसले होते, एक सावरगावचा, एक पांढुर्ण्याचा, नदीतल्या झाडाकडे आलेला आणि परत जाता न आलेला. दोघांच्या डोक्याला रुमाल.

सावरगावच्याने विचारलं, "तुले कुठं लागला?"

"पुलापाशी. तुले?"

"तितंच."

"तुमच्या काठाचा नेम यंदा चांगला आहे," पांढुर्ण्याचा म्हणाला. दोघं थोडे हसले आणि दुखलं म्हणून थांबले. मॅडम पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या, त्या तोंड फिरवून नदीकडे बघत राहिल्या.

ऊन उतरायच्या सुमाराला पास्टर थोरल्या भाऊंना घेऊन आले. भुवई उघडली होती, रक्ताने डोळा बंद झाला होता. ते या वयात दगड मारायला जात नव्हते, काठावर उभे राहून बघत होते. त्यांनी झाड पाहिलं, टेबल पाहिलं, आणि पास्टरांना म्हणाले, "मले पलीकडे ने. दवाखान्यात."

मी म्हटलं, "पलीकडेही मीच असते. बसा."

ते बसले. पण मान ताठ, डोकं हलत होतं, अशाने भुवईला टाका घालता येत नाही. मी म्हटलं, कोणी तरी डोकं धरा. पास्टर पुढे झाले, पण भाऊ मागून आले आणि त्यांनी दादांचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी धरलं. थोरल्यांनी सोडवून घेतलं नाही. डोळा मिटला. मी पहिला टाका घातला, दुसरा घातला. भाऊंच्या सदऱ्याला रक्त लागत होतं. दोघांचा श्वास एकाच वेळी वर-खाली होत होता, ते मला दिसत होतं.

पट्टी झाल्यावर थोरले म्हणाले, "पाणी दे."

मॅडमकडे जग होता. पण ते भाऊंना म्हणाले होते. भाऊंनी जग घेतला आणि त्यांना ओंजळीत पाणी ओतलं. ते प्यायले, उठले, आणि घराकडे गेले. एवढंच. मला लोक नंतर विचारायचे की मग भावाभावांचं जुळलं का. जुळलं म्हणण्यासारखं त्या दिवशी काही झालं नाही. दिवाळीला दोन्ही घरांत फराळाची ताटं गेली, असं वहिनींनी सांगितलं. त्या दिवसाबद्दल मात्र ते दोघं आजपर्यंत बोललेले नाहीत.

झेंडा पडला, ओरडा झाला, सगळी गर्दी देवळाकडे गेली. आम्ही सामान आवरलं. वहिनींनी जेवायला थांबवलं, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम केल्या. पास्टर आणि भाऊ शेजारी बसून जेवले. मी जेवले. घरी आले. साडी भिजत घातली आणि झोपले.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी कोणालाही सोडलं नाही. काय झालं ते जसंच्या तसं मांडायचं, असं त्या म्हणाल्या. जखमी दरवर्षीएवढेच होते. दगड कमी झाले नव्हते. पास्टरांच्या मुलांपैकी काही गेली नाहीत, काही गेली, एकाने तर माझ्याकडूनच टाके घालून घेतले. मॅडमच्या वर्गात मुलं म्हणाली की मॅडम, तुम्हाला गोटमार कळत नाही.

पास्टर म्हणाले, "मग आपण केलं काय?"

भाऊ म्हणाले, "एका जागेत गोटे नव्हते." नेहमीप्रमाणे ते शेवटी बोलले होते, पण यावेळी थांबले नाहीत. "मी रोज तितून जातो. झाडाखाली म्हशी बसून राहते आता. आधी बसत नव्हत्या, खाली खडे टोचायचे. मले तेवढं पाहून बरं वाटते. तुमचा हॉलंडचा माणूस याले काय म्हणते ते मले ठाऊक नाही."

मॅडम हसल्या. पास्टरही हसले. मी हसले की नाही आठवत नाही.

त्यानंतरच्या वर्षी टेबल पुन्हा मांडलं. बाक थोरल्या भाऊंच्या घरून आला. कोणी मागितला नव्हता. ज्या पडीक जागेत दगड ओतले होते तिच्या मालकाने आधी नाही देत म्हणून सांगितलं, मग चार माणसं येऊन बसली तेव्हा दिली. मॅडम म्हणाल्या, नाही म्हणाला होता, हे विसरायचं नाही.

पास्टरांची मग बदली झाली. शेवटच्या गुरुवारी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, एक विचारू? तुम्हाला हे पटतं का, सर म्हणायचे ते? सगळं देवाचं आहे, सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, "त्यांना पटत होतं. मला अजून काही वाटतच नाही पास्टर. वाटलं की सांगेन."

ते म्हणाले, "मी प्रार्थना करतो." मी म्हटलं, "करा." मग माझ्या लक्षात आलं की मी "बरं" म्हटलं नव्हतं.

आता बैठकीला आम्ही चौघं असतो. मॅडम, भाऊ, वहिनी आणि मी. नवीन पास्टर कधी येतात, कधी नाही. मागच्या गुरुवारी वहिनींनी विषय काढला. सावरगावच्या मुली बारावीनंतर सौंसरच्या कॉलेजात नाव घालतात आणि दोन-तीन महिन्यांत घरी बसतात. घरचे म्हणतात, येताना अंधार पडते. मॅडम म्हणाल्या, पहिला प्रश्न, यात चांगलं काय? घरचे काळजी करतात हे चांगलं, भाऊ म्हणाले. वहिनी म्हणाल्या, काळजी आहे की दुसरं काही आहे, ते आधी पाहा. दोघांची चांगलीच जुंपली.

मी ऐकत होते. ह्यांची बस मला आठवली, संध्याकाळची, ज्यातून ते खडूने पांढरी झालेली बोटं घेऊन उतरायचे.

"शेवटची बस कितीची आहे सौंसरहून?" मी विचारलं.

दोघं भांडायचं थांबले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग वहिनी खुर्ची माझ्याकडे ओढून सांगायला लागल्या.